ज्वालाग्राही हवेची दोन अपत्ये : हायड्रोजन व मिथेन यांच्या नामकरणाचा इतिहास

पदार्थास नाव देताना त्या पदार्थाविषयी आपणास काय जाणून घ्यावयाचे आहे, हेही माणूस नकळत सांगून जातो. नाव कधी गुणावरून पडते, कधी घटकांवरून, तर कधी उत्पत्तिस्थानावरून; आणि ह्या तीन रीतींपैकी कोणती केव्हा प्रबळ झाली, हे पाहिले असता त्या त्या काळच्या जिज्ञासेचा इतिहास हाती येतो. सांप्रत ऊर्जेच्या चर्चेत ‘हरित हायड्रोजन’ आणि ‘नवीकरणीय नैसर्गिक वायू’ ही दोन नावे वारंवार येतात. दोन्ही इंधने कोळसा व खनिज तेल यांच्या मानाने वातावरणाची हानी कमी करतात, असा त्यांच्याविषयीचा दावा आहे. ह्या दाव्याचे स्वरूप नीट ध्यानात येण्यास त्या नावांची पूर्वपीठिका तपासणे उपयुक्त ठरते.

अठराव्या शतकात हायड्रोजन व मिथेन हे दोन्ही वायू ‘ज्वालाग्राही हवा’ ह्या एकाच नावाखाली मोडत. हेन्री कॅव्हेंडिश ह्याने 1766 साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडलेल्या निबंधात जस्त, लोखंड व कथील ह्या धातूंवर आम्लाची क्रिया करून मिळणाऱ्या हवेचे वर्णन केले. ती पेट घेते, एवढ्या गुणावरून तिला हे नाव मिळाले. दहा वर्षांनी, 1776 च्या नोव्हेंबरात, आलेस्सांद्रो व्होल्टा ह्याने इटलीतील माज्जोरे सरोवराच्या काठचा चिखल ढवळून वर येणारे बुडबुडे गोळा केले. तीही हवा पेटली. परंतु तिची ज्योत धातूपासून मिळणाऱ्या हवेच्या ज्योतीहून निराळी आहे, हे त्याने टिपले आणि तिला ‘दलदलीतील स्वयंभू ज्वालाग्राही हवा’ असे म्हटले. म्हणजे दोन वायूंत भेद करण्याचे पहिले साधन उत्पत्तिस्थान हेच होते : एक धातूची हवा, दुसरी दलदलीची.

ही रीत फार काळ टिकली नाही. ज्वालाग्राही हवा जळून पाणी तयार होते, हे लाव्हाझिए ह्याने 1783 साली दाखवून दिले आणि 1787 साली त्याने व त्याच्या तीन सहकाऱ्यांनी सिद्ध केलेल्या रासायनिक नामपद्धतीत त्या हवेस ‘पाणी उत्पन्न करणारा’ ह्या अर्थाचे ग्रीक शब्दांवरून घडविलेले नाव मिळाले. ‘मिथेन’ हे नाव हॉफमन ह्याने 1866 साली सुचविलेल्या पद्धतीतून आले. ह्या नव्या व्यवस्थेत नाव ठरू लागले ते घटकांवरून. कार्बनचा एक अणू व हायड्रोजनचे चार अणू एकत्र आले की तो मिथेन. मग तो दलदलीतून येवो, कोळशाच्या खाणीतून येवो की शेणातून येवो. उत्पत्तिस्थान विसरणे हा येथे शास्त्राचा लाभच होता.

मराठीपुरते पाहिल्यास एक गमतीची गोष्ट आढळते. जुन्या मराठी शास्त्रीय लेखनात हायड्रोजनास ‘उज्ज’ असा शब्द योजीत. त्याचा ‘उदकापासून जन्मलेला’ असा विग्रह करता येतो. मूळ नावात हा वायू पाण्याचा जनक होता. मराठीत तो पाण्याचे अपत्य झाला. रसायनदृष्ट्या दोन्ही संबंध खरेच आहेत, कारण पाण्यातून विजेच्या साहाय्याने हायड्रोजन वेगळा काढता येतो, हे 1800 सालीच निकल्सन व कार्लाइल ह्यांनी दाखविले होते. परंतु ‘पाण्यापासून जन्मलेला’ एवढ्याने त्या वायूचे चारित्र्य सिद्ध होत नाही, हे पुढे दिसून येईल.

एकोणिसाव्या शतकात हे दोन्ही वायू पुन्हा एका नळात एकत्र आले. कोळसा भट्टीत तापवून काढलेल्या दिव्याच्या वायूत घनफळाने सुमारे निम्मा हायड्रोजन असे आणि उरलेल्यात मिथेनचा वाटा मोठा असे. मुंबईच्या रस्त्यांवर 1860 च्या दशकात वायूचे दिवे लागले, तेव्हा नागरिकांनी प्रकाश किती व खर्च किती एवढेच विचारले. वायूचे कूळ कोणी पुसले नाही.

त्याच मुंबईत वायूच्या दुसऱ्या उगमाचाही उपयोग झाला. माटुंगा येथील कुष्ठरोग्यांच्या आश्रमात मैलापाण्याच्या टाकीतून निघणारा वायू 1897 साली उपयोगात आणला गेला, अशी नोंद जैववायूच्या इतिहासात नेहमी दिली जाते. परंतु त्याच जोडीने, मुंबईच्या कुष्ठाश्रमात असे संयंत्र 1859 सालीच उभे राहिले होते, असेही विधान ग्रंथाग्रंथांतून उतरत आले आहे. माटुंग्याचा आश्रम स्थापन झाला तो 1890 साली, मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर हॅरी ॲकवर्थ ह्यांच्या पुढाकाराने. शंकर तुकाराम शाळिग्राम ह्यांच्यासह 1891 साली ऐतिहासिक पोवाड्यांचा संग्रह प्रसिद्ध करणारे ॲकवर्थ ते हेच. जो आश्रम 1890 पूर्वी अस्तित्वातच नव्हता, त्यात 1859 साली संयंत्र असणे शक्य नाही. मूळ कागद न पाहता उगमाविषयीचे विधान पुढे पुढे नेले म्हणजे काय होते, ह्याचे हे एक बोलके उदाहरण होय.

विसाव्या शतकात भारतात उत्पत्तिस्थानावरून नाव देण्याची रीत लोकव्यवहाराने पुन्हा रूढ केली. दिल्लीच्या भारतीय कृषि संशोधन संस्थेत एस. व्ही. देसाई ह्यांनी 1939 च्या सुमारास शेणापासून वायू काढण्याचे प्रयोग केले. जशभाई पटेल ह्यांनी 1951 साली ‘ग्रामलक्ष्मी’ नावाचे तरंगत्या लोखंडी टाकीचे संयंत्र रचले. आणि 1960 च्या दशकाच्या प्रारंभी खादी व ग्रामोद्योग आयोगाने त्याचा प्रसार हाती घेतला. मराठीत शेण हा शब्द असता ‘शेणवायू’ न म्हणता लोक ‘गोबर गॅस’ म्हणू लागले. ‘गोबर’ हिंदीतून आला खरा. पण ‘गोवरी’ हा घरोघरचा शब्द त्याचाच सगोत्र असल्यामुळे तो कानाला परका वाटला नाही. ह्या नावामागील हेतू सरळ होता : शेण गोवरी होऊन चुलीत जळू नये, त्यातून जळण मिळावे आणि खतही शिल्लक राहावे.

हायड्रोजनच्या बाबतीतही असाच एक अध्याय आहे. जे. बी. एस. हाल्डेन ह्यांनी 1923 साली केंब्रिज येथील व्याख्यानात, पवनचक्क्यांच्या विजेने पाण्याचे विघटन करून हायड्रोजन साठविता येईल, अशी कल्पना मांडली होती. पंजाबात नांगल येथील खत कारखान्यात 1960 च्या दशकात भाक्रा-नांगल प्रकल्पाच्या जलविद्युतेने पाण्यातून हायड्रोजन काढला जाई. आजच्या भाषेत तो ‘हरित’ म्हणावा लागेल. त्या काळी मात्र त्यास कोणतेही विशेषण लावण्याची गरज भासली नाही. कारखान्यास खतासाठी हायड्रोजन हवा होता, आणि पुढे तो कारखाना अन्य कच्च्या मालाकडे वळला तेव्हाही वायूचे नाव बदलले नाही.

हवामानबदलाच्या प्रश्नाने ही स्थिती पालटली. सन 2023 मध्ये जगात सुमारे 9.7 कोटी टन हायड्रोजन वापरला गेला. त्यातील अल्प उत्सर्जनाच्या रीतींनी तयार झालेला भाग 1 टक्क्याहूनही कमी होता. नैसर्गिक वायूपासून 1 किलो हायड्रोजन काढताना 9 ते 10 किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. पाण्यापासून तेवढाच हायड्रोजन काढण्यास सुमारे 50 युनिट वीज लागते; ती कोळशावरच्या केंद्रातून आली, आणि त्या विजेच्या प्रत्येक युनिटामागे जवळजवळ 1 किलो कार्बन डायऑक्साइड धरला, तर हा आकडा नैसर्गिक वायूच्या मार्गाच्या चौपट-पाचपट होतो. सारांश, ‘उज्ज’ हे नाव सार्थ करणारा वायूच प्रसंगी अधिक मलिन ठरू शकतो. म्हणूनच भारत सरकारने ऑगस्ट 2023 मध्ये हरित हायड्रोजनची व्याख्या करताना 1 किलोमागे 2 किलो कार्बन डायऑक्साइडइतक्या उत्सर्जनाची कमाल मर्यादा घातली. ती बारा महिन्यांच्या सरासरीने मोजावयाची आहे. वायूला रंग नसतो. रंग आहे तो त्याच्या हिशेबाला.

‘नवीकरणीय नैसर्गिक वायू’ हे नाव ह्याहून गुंतागुंतीचे आहे. मुळात ‘नैसर्गिक वायू’ हा शब्द भट्टीत तयार केलेल्या वायूपासून भूगर्भातील वायूचा भेद दाखविण्यासाठी रूढ झाला. आता शेण, मैला व कचरा टाकीत कुजवून मिळविलेला आणि कार्बन डायऑक्साइड काढून शुद्ध केलेला वायू, म्हणजे एका अर्थी तयार केलेलाच वायू, ‘नैसर्गिक’ म्हणविला जातो. भारतात त्यासाठी ‘संपीडित जैववायू’ हे अधिक प्रामाणिक नाव योजिले आहे. 2018 साली त्याच्या उत्पादनाची योजना सुरू झाली आणि नळाच्या व वाहनांच्या वायूत 2025-26 पासून 1 टक्का व 2028-29 पर्यंत 5 टक्के मिश्रण करण्याचे बंधन 2023 साली जाहीर झाले.

येथे खरा प्रश्न व्याकरणातील संकेतार्थाचा आहे. ‘हे संयंत्र नसते तर शेणाचे काय झाले असते?’ ह्या प्रश्नाच्या उत्तरावर बचतीचा आकडा अवलंबून असतो. जेथे मोठ्या गोठ्यांचे शेण पाण्यासह उघड्या तळ्यांत साठविले जाते, तेथे त्यातून मिथेन हवेत जातोच. तो पकडल्यास लाभ मोठा. जेथे शेण उन्हात वाळवून गोवऱ्या थापल्या जात, तेथे मिथेन मुळात फारच थोडा निर्माण होत असे; तेथे लाभ आहे तो धूर व लाकूड वाचण्याचा. शिवाय वीस वर्षांच्या कालावधीत मिथेनची उष्णता रोखण्याची शक्ती त्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 80 पट असल्यामुळे, टाकी किंवा नळ गळका असेल तर नावातील पुण्य वाटेतच सांडते.

तात्पर्य, गुणावरून घटकांकडे गेलेले नामकरण आता पुन्हा उगमाकडे वळले आहे. परंतु व्होल्टाला दोन हवांतील भेद ज्योतीत दिसला होता. हरित व अहरित हायड्रोजनच्या ज्योतीत भेद नाही. रेणू आपले कूळ सांगत नाही. ते सांगतात वीज कोठून आली, टाकी किती गळते, शेणाचे पूर्वी काय होत असे ह्यांच्या नोंदी. तेव्हा ही नावे खरी की खोटी, हे ठरविण्याचे काम प्रयोगशाळेइतकेच कागद तपासणाऱ्याचेही आहे; आणि माटुंग्याच्या 1859 सालाप्रमाणे एकाने लिहिले म्हणून दुसऱ्याने उतरविले, असे ह्या नोंदींचे झाले, तर चूक केवळ ग्रंथात राहणार नाही, ती हवेत जाईल.