अभ्यासिकेंतील संत कोण?

व्हेनिस शहरांत संत जॉर्जच्या नांवाचें एक लहानसें संघगृह आहे. एड्रियाटिक समुद्रापलीकडच्या डाल्मेशियांतून येऊन तेथें वसलेल्या लोकांनीं १४५१ सालीं स्थापिलेल्या धर्मसंघाची ही वास्तु. डाल्मेशियाच्या सीमेवर जन्मलेला संत जेरोम या लोकांना आपला वाटे. सोळाव्या शतकाच्या आरंभीं व्हित्तोरे कार्पाच्चो या चित्रकारानें संघासाठीं जीं चित्रें काढलीं, त्यांपैकीं दोन उघडच जेरोमचीं आहेत. एकांत त्याच्यासमवेत आलेला सिंह पाहून मठांतील साधु भयानें पळत आहेत. दुसऱ्यांत जेरोमचा अंत्यविधि चालला आहे. तिसऱ्या चित्रांत एक धर्मगुरु आपल्या अभ्यासिकेंत लेखणी उचलून खिडकीकडे पाहत बसला आहे. पहिलीं दोन चित्रें जेरोमचीं, तेव्हां हाहि जेरोमच, अशी समजूत दीर्घकाळ रूढ होती.

परंतु चित्रांतील वस्तु या समजुतीस साक्ष देत नाहींत. जेरोमची खूण म्हणजे सिंह; तो येथें नाहीं. उलट मागील कोनाड्यांतील वेदीवर बिशपचा मुकुट ठेवलेला आहे, आणि जेरोम कधींच बिशप नव्हता. पुढील बाजूस संगीताच्या स्वरलिपीचीं पानें उघडीं आहेत. संगीतावर ग्रंथ लिहिला तो संत ऑगस्टीननें, आणि बिशप होता तोहि ऑगस्टीनच.

१९५९ सालीं हेलन रॉबर्ट्स या विदुषीनें एका जुन्या आख्यायिकेच्या आधारें या चित्राचा उलगडा केला. ऑगस्टीनच्या नांवावर मागाहून रचलेल्या एका पत्रांत ती आख्यायिका आहे. उत्तर आफ्रिकेंतील हिप्पो येथें ऑगस्टीन स्वर्गांतील पुण्यात्म्यांच्या आनंदाविषयीं लिहूं पाहत होता. जेरोमचें मत विचारावें म्हणून त्यानें पत्र लिहावयास घेतलें. त्याच घटकेस दूर बेथलेहेमांत जेरोमनें देह ठेवला. ऑगस्टीनची खोली प्रकाशानें व सुगंधानें भरून गेली, आणि त्याला वाणी ऐकूं आली कीं, अवघा समुद्र इवल्याशा पात्रांत भरूं पाहतोस काय?

हें कळल्यावर चित्रांतील प्रत्येक गोष्ट निराळी दिसूं लागते. पूर्वीं जें ग्रंथांत रमलेल्या पंडिताचें सुख वाटे, तें आतां पांडित्याची सीमा दाखविणारा क्षण ठरतें. भोंवतीं ग्रंथ आहेत, खगोलाचीं यंत्रें आहेत; पण हातांतील लेखणी थांबली आहे, आणि ज्याला पत्र लिहावयाचें तो आतां उत्तर देणार नाहीं. जमिनीवरील लहानसा पांढरा कुत्राहि प्रकाशाकडेच पाहत आहे. लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममध्यें या चित्राचा कच्चा आराखडा आहे. त्यांत या जागीं कुत्रा नसून दुसराच प्राणी दिसतो. म्हणजे हा कुत्रा चित्रकारानें मागाहून योजिला. त्याला ग्रंथांचें कांहीं कळत नाहीं. पण त्या क्षणीं महापंडित आणि तो, दोघांची दृष्टि एकाच ठिकाणीं लागली आहे.

प्रत्यक्षांत ऑगस्टीन व जेरोम यांची कधींच भेट झाली नाहीं. त्यांच्यांत पत्रें चालत, आणि त्यांत कटु वादहि झाले. आख्यायिकेनें त्यांची भेट मृत्यूच्या क्षणीं घडवून आणली. म्हणून जुनी समजूत सर्वस्वी चुकीची होती असेंहि नाहीं. हें चित्र जेरोमच्या चरित्रांतीलच आहे. मात्र त्यांत जेरोम बसलेला नसून खिडकींतून आंत येत आहे.