शिकारीच्या पक्ष्यांची स्थिरचित्रे (बरोक काळ)

सतराव्या शतकात नेदरलँड्समध्ये बहराला आलेला स्थिरचित्रांचा एक प्रकार. तितर, फेझंट, मोर, हंस असे मारलेले पक्षी हा त्याचा मुख्य विषय. सोबत बहुधा ससा, बंदूक, शिकारीची झोळी, कधी राखणीला बसलेला कुत्रा. याकोपो दे बार्बारीचे १५०४ मधील तितर आणि लोखंडी हातमोजे यांचे चित्र (म्यूनिक) हा त्याचा दूरचा पूर्वज.

अँटवर्पच्या फ्रान्स स्नायडर्सने (१५७९–१६५७) सावजांनी ओसंडणारी टेबले रंगवली. यान फेइटने (१६११–६१) पिसांचा मऊपणा रंगात आणला. हॉलंडमध्ये शिकारीचा हक्क मुख्यतः सरदार-उमरावांपुरता होता, त्यामुळे सावज हे प्रतिष्ठेचे चिन्ह ठरले. १६५० नंतर ॲमस्टरडॅमचे धनिक व्यापारी गावाबाहेर वाडे बांधू लागले, तेव्हा ही चित्रे त्यांच्या दिवाणखान्यांत आली. विलेम फान आल्स्ट, मेल्खिओर द हाँडेकूटर आणि यान वेनिक्स हे या काळातील प्रमुख चित्रकार.

मांस मुरावे म्हणून मारलेला पक्षी काही दिवस टांगून ठेवण्याची रीत होती. चित्रकाराला त्यातून मोठी संधी मिळाली. उलटा टांगलेला पक्षी पंख सैल सोडतो आणि एरवी झाकलेली पोटाखालची, पंखांच्या आतली पिसे उघडी पडतात. मान लोंबते, तिचे वजन डोळ्यांना जाणवते. जिवंत पक्षी इतका वेळ, इतक्या जवळून पाहू देत नाही. रेम्ब्रांटने सुमारे १६३९ मध्ये दोन मृत मोर रंगवले, त्यांतला एक असाच टांगलेला आहे. मागे खिडकीत एक मुलगी त्यांच्याकडे पाहत उभी आहे. या प्रकारात मृत्यूला असा साक्षीदार क्वचितच मिळतो.

यान वेनिक्सने पॅलाटिनेटचा इलेक्टर योहान विल्हेल्म याच्या बेन्सबर्ग येथील प्रासादासाठी प्रचंड आकाराची शिकारचित्रे केली. त्यांचे कसब वादातीत आहे; पण उद्याने, शिल्पे आणि कुत्रे यांच्या गर्दीत पक्षी सजावटीचा भाग होऊन जातो. त्याचे वडील यान बाप्टिस्ट वेनिक्स यांनी १६५० च्या सुमारास फिकट भिंत, एक खिळा आणि एका पायाने लटकलेला एकच तितर एवढेच रंगवले. या प्रकारातील सर्वश्रेष्ठ चित्र हेच. ते हेगच्या मॉरित्सहाउस संग्रहालयात आहे.