पेट-सीटी : दोन यंत्रं एकत्र कशी आली, आणि स्तनाच्या कर्करोगात ती कधी लागतात

मागे दर्यापूरकडच्या एक काकू मुलासोबत आल्या होत्या. स्तनात गाठ, मॅमोग्राफी झालेली, बायोप्सीत कर्करोग निघालेला. गाठ दोन सेंटिमीटरहून लहान होती आणि काखेत हाताला काही लागत नव्हतं. मुलगा म्हणाला, "डॉक्टर साहेब, येक डाव पेट स्कॅन करूनच टाका न. मंग मनात काई राह्यत नाई." मी नको म्हणालो. त्याचा चेहरा उतरला. खेड्यातले आहोत म्हणून मोठी तपासणी लिहून देत नाहीत, असं त्याला वाटलं असावं. हा प्रश्न मला इतक्या वेळा विचारला जातो की आज या यंत्राचा इतिहासच सांगतो. ते कशासाठी तयार झालं हे कळलं की कुणाला लागतं तेही कळतं.

एक्स-रे आकार दाखवतो. १९१३ साली बर्लिनमध्ये अल्बर्ट सॉलोमन या शल्यचिकित्सकानं शस्त्रक्रियेत काढलेल्या सुमारे ३,००० स्तनांचे एक्स-रे काढून पाहिले. आजच्या मॅमोग्राफीची सुरुवात तिथून धरतात. १९७१ मध्ये सीटी स्कॅन आला आणि शरीराचे आडवे काप पाहता येऊ लागले. पण दोन्हीत दिसतो तो आकारच. गाठ जिवंत आहे की उपचारानंतर उरलेला नुसता व्रण आहे, हे आकारावरून नेहमी सांगता येत नाही.

दुसरी वाट साखरेची. कर्करोगाच्या पेशी साखर फार खातात, हे ओटो वॉरबुर्ग यांनी १९२० च्या दशकातच दाखवलं होतं. १९७६ मध्ये अमेरिकेत फिलाडेल्फियाला किरणोत्सारी फ्लोरीन जोडलेली साखर, म्हणजे एफडीजी, पहिल्यांदा माणसाला टोचली गेली. ही साखर जिथं जास्त जमते ती जागा पेट स्कॅनमध्ये चमकते. अडचण एवढीच, की चमकणारा ठिपका नेमका कुठं आहे ते कळत नसे. बरगडीत, फुप्फुसात, की मधल्या गाठीत? डॉक्टर पेट आणि सीटीच्या फिल्म शेजारी शेजारी लावून अंदाज बांधत. दोन तपासण्या वेगळ्या दिवशी, हात वेगळ्या जागी, श्वास वेगळा. जुळणार कसं?

डेव्हिड टाउनसेंड आणि रोनाल्ड नट यांनी दोन्ही यंत्रं एकामागोमाग एकाच चौकटीत बसवली. रुग्ण एकाच पलंगावर झोपतो, पलंग आधी सीटीतून आणि मग पेटमधून सरकतो. पहिलं यंत्र १९९८ मध्ये पिट्सबर्गला सुरू झालं. आणखी एक फायदा झाला. शरीरातून बाहेर येताना किरण किती शोषले गेले याचा हिशेब पेटला लागतो. आधी त्यासाठी वेगळं, वेळखाऊ मोजमाप करावं लागे, आता सीटी तो काही सेकंदांत देतो.

आपल्याकडे ही गोष्ट परळला घडली, त्यालाही कारण आहे. १९४१ मध्ये सुरू झालेलं टाटा मेमोरियल रुग्णालय १९६२ साली अणुऊर्जा विभागाकडे आलं. कर्करोगाचं रुग्णालय अणुऊर्जेकडे कसं, असं अनेकांना वाटतं. पण किरणोत्सारी औषधं बनवणारे लोक तिथलेच. १९६३ मध्ये त्याच आवारात भाभा अणुसंशोधन केंद्राचं रेडिएशन मेडिसिन सेंटर उभं राहिलं. २००२ मध्ये या केंद्रात देशातला पहिला पेट स्कॅनर आणि औषध बनवणारा सायक्लोट्रॉन आला. २००४ मध्ये टाटामध्ये पेट-सीटी सुरू झालं.

सायक्लोट्रॉन जवळ का लागतो? ही साखर दर ११० मिनिटांनी निम्मी होते. रात्रीच्या अमरावती एक्स्प्रेससारखा अकरा तासांचा प्रवास तिला घडवला, तर ती सहा वेळा निम्मी होईल. १०० भाग निघाले तर पोचतील जेमतेम दीड. म्हणून इतकी वर्षं आपल्या अकोल्या-अमरावतीच्या बायकाच गाडीत बसून यंत्राकडे गेल्या.

आता स्तनाबद्दल. नेहमीच्या पेट-सीटीत रुग्ण पाठीवर झोपते, स्तन पसरतो आणि श्वासाबरोबर हलतो. एक सेंटिमीटरहून लहान गाठ सहज निसटते. म्हणून काही संशोधकांनी फक्त स्तनासाठी जोडयंत्र बनवलं. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस विद्यापीठात बाई पालथी झोपते, पलंगाच्या भोकातून एक स्तन खाली येतो आणि सीटी व पेट त्याच्या अगदी जवळून फिरतात. मॅमोग्राफीसारखं दाबावं लागत नाही. २००९ मध्ये त्यांनी रुग्णांवरचे पहिले अनुभव प्रसिद्ध केले. कल्पना मला फार आवडते, पण रोजच्या वापरात ते यंत्र अजून आलेलं नाही. जवळून पाहिलं तरी काही मंद वाढणारे आणि लोब्युलर प्रकारचे कर्करोग साखर कमी खातात, ते फारसे चमकत नाहीत.

उलट, कर्करोग नसलेलंही चमकतं. आपल्याकडे क्षयाच्या गाठी हे त्यातलं मोठं कारण. लहान गाठ असलेल्या बाईचा पेट-सीटी केला आणि छातीत क्षयाची जुनी गाठ चमकली, तर पुढं आणखी एक बायोप्सी, आणखी दोन-तीन आठवडे, आणि घरात रडारड. त्या आठवड्यांत ऑपरेशन मात्र थांबलेलं असतं. काकूंना मी नको म्हणालो ते यासाठी. गाठ मोठी असेल, काखेत पसरलेली असेल, किंवा उपचारानंतर आजार परतल्याची शंका असेल, तेव्हा हीच तपासणी मी स्वतः लिहून देतो.

मुलानं विचारलं, "मंग लवकर समजाले काय करा लागते?" त्याचंही उत्तर परळचंच आहे. १९९८ पासून टाटाच्या डॉक्टरांनी मुंबईतल्या वस्त्यांमध्ये दीड लाखाहून जास्त स्त्रियांवर एक अभ्यास केला. निम्म्या स्त्रियांचे स्तन प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हातानं तपासत. २०२१ मध्ये निष्कर्ष आले : त्या गटात आजार आधीच्या टप्प्यावर सापडला, आणि पन्नाशीपुढच्या स्त्रियांमध्ये स्तनाच्या कर्करोगाचे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्या स्त्रियांत मृत्यू कमी झालेले दिसले नाहीत, हेही सांगायला हवं.

ज्यांना पेट-सीटीसाठी जायचंच आहे त्यांच्यासाठी एक सूचना. तपासणीआधी चार ते सहा तास उपाशी राहायचं, फक्त पाणी प्यायचं. मधुमेह असेल तर गोळ्या आणि इन्सुलिनचं आधीच विचारून घ्या. माझ्या एका रुग्ण बाईंनी रात्रभर प्रवास करून स्टेशनवर उतरल्याबरोबर गोड चहा घेतला. रक्तातली साखर वाढली, तपासणी दुसऱ्या दिवसावर गेली, आणि मायलेकींना आणखी एक रात्र मुंबईत काढावी लागली.