विकसन-रीळ

छायाचित्रणाची उद्‌भासित फिल्म विकासक द्रावणात असताना तिचे वेढे एकमेकांस चिकटू नयेत म्हणून ती ज्या सर्पिल खोबणीच्या चाकावर गुंडाळतात, ते साधन. रीळ गंजरोधी पोलादी तारेचे किंवा प्लॅस्टिकचे असते व ते प्रकाशरोधी टाकीत ठेवतात. घरगुती विकसनात फिल्म रिळावर चढविणे हेच काय ते पूर्ण अंधारात, केवळ बोटांच्या स्पर्शाने करावे लागते. टाकीचे झाकण लागले की पुढील कामे उजेडात होतात. जेथे दोन वेढे टेकतात तेथे द्रावण पायसापर्यंत पोहोचत नाही आणि तेवढे चित्र कायमचे नष्ट होते.

ईस्टमन यांनी १८८८ मध्ये कोडॅक कॅमेरा बाजारात आणला, तेव्हा फिल्म संपल्यावर कॅमेराच कारखान्याकडे पाठवावयाचा असे. चित्र घेणारा व ते विकसित करणारा यांची त्यामुळे फारकत झाली. मात्र हौशी मंडळींनी विकसन सोडले नाही. त्या काळातील फिल्म तांबड्या प्रकाशास असंवेदी असल्याने तांबड्या दिव्याखाली तिची दोन्ही टोके हातांत धरून ती थाळीतील द्रावणातून वरखाली ओढीत. चित्र उमटताना दिसत असे. हात थांबवावयाचा केव्हा, हे डोळे ठरवीत.

घरातच फिल्म हाताळण्याचे महाराष्ट्रातील सर्वांत मोठे उदाहरण दादासाहेब फाळके यांच्या मुंबईतील बिऱ्हाडाचे होय. फाळके मुळात छायाचित्रकार होते. १९१२ मध्ये त्यांनी इंग्लंडहून विल्यम्सन कॅमेरा व छिद्रण यंत्र आणले. कच्ची फिल्म कडांना छिद्रे न पाडलेली मिळे. ती अंधारात यंत्रातून काढण्याचे काम त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई यांनी केले आणि विकसनही त्या शिकल्या. ३५ मिमी. फिल्मच्या प्रत्येक कडेस फुटामागे ६४ छिद्रे असतात. राजा हरिश्चंद्र (१९१३) या चित्रपटाची लांबी सुमारे ३,७०० फूट होती. केवळ तेवढ्याच लांबीचा हिशेब केला तरी दोन्ही कडांची मिळून ही संख्या पावणेपाच लाखांच्या घरात जाते. एवढ्या लांबीस रीळ पुरत नसे. त्या काळी चित्रपटाची फिल्म सर्वत्र लाकडी चौकटीवर किंवा पिंपावर गुंडाळून द्रावणात सोडीत. मंडळींचा स्वयंपाक सांभाळून केलेल्या या अंधारातील कामाची दखल चित्रपटाच्या इतिहासात फार उशिरा व फार थोडी घेतली गेली.

पुढे सर्ववर्णी फिल्म रूढ झाली. ती तांबड्या प्रकाशासही संवेदी असल्याने दिवा विझवावा लागला. १९२५ मध्ये लायका कॅमेरा आल्यावर लहान रुंदीची लांब फिल्म छायाचित्रकाराच्या हाती आली. ३६ चित्रांची, सुमारे १.६ मी. लांबीची पट्टी थाळीत न दिसता फिरविणे अशक्यप्राय होते. रीळ आणि बंद टाकी यांची गरज येथे उत्पन्न झाली.

पोलादी रिळावर फिल्म मध्यापासून बाहेर चढते. तिचे टोक मधल्या चापाखाली अडकवून, पट्टी अंगठा व तर्जनी यांमध्ये किंचित कमानदार धरावयाची आणि रीळ फिरवावयाचे; फिल्म स्वतःच्या ताणाने खोबणीत बसते. ती नीट बसली असेल, तर मागेपुढे थोडी हलते. ती अडली किंवा करकरली तर जोर न लावता एकदोन वेढे उलगडून पुन्हा चढवावी. पट्टी जास्त वाकली तर चंद्रकोरीसारखे काळे डाग उमटतात. आग्फा क्लिक ३ सारख्या कॅमेऱ्यांत वापरल्या जाणाऱ्या सुमारे ६ सेंमी. रुंदीच्या १२० क्रमांकाच्या फिल्मच्या बाबतीत हा धोका अधिक. वाया गेलेल्या फिल्मवर आधी उजेडात, मग डोळे मिटून सराव करणे हाच यावर उपाय. प्लॅस्टिकच्या रिळावर फिल्म बाहेरून आत सरकते. ते सोपे खरे, पण रीळ जराही दमट असेल तर जिलेटीन फुगून फिल्म मध्येच अडकते. पोलादी रीळ पुसून लगेच वापरता येते, परंतु एकदा खाली पडून वाकले की निरुपयोगी होते.

पारोळा, अमळनेर, चाळीसगाव या खानदेशातील भागात खरी अडचण उष्म्याची. विकसनाचे प्रमाण तापमान २०° से. मानतात, येथे उन्हाळ्यात हवेचे तापमान ४०° से.च्या वर जाते. कोमट द्रावणात विकसन भरभर होते, जिलेटीन मऊ पडते व नखाच्या स्पर्शानेही पायस निघते. म्हणून उष्ण प्रदेशांत द्रावणाच्या भांड्याभोवती बर्फ ठेवणे, रात्री काम करणे आणि क्रोम तुरटीने जिलेटीन कठीण करणे हे उपाय योजीत. घामाचा थेंब फिल्मवर पडला तरी डाग राहतो. मोठ्या शहरापासून दूर, याच हवेत चाळीसगावचे केकी मूस (१९१२–८९) यांनी वर्षानुवर्षे घराबाहेर क्वचितच पडून, टेबलावर मांडलेल्या लहान वस्तूंतून भव्य दृश्याचा आभास निर्माण करणारी छायाचित्रे घेतली. त्यांचे घर पुढे संग्रहालय झाले.

भारतात उदकमंडलम येथे १९६० मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्थान फोटो फिल्म्स या सरकारी कंपनीची ‘इंदू’ फिल्म अनेक वर्षे वापरात होती. अंकीय छायाचित्रणाच्या प्रसारानंतर तो कारखाना बंद पडला. कृष्णधवल फिल्म मात्र परदेशांत अद्याप तयार होते आणि जुनी पोलादी रिळे तिच्यासाठी कोणताही बदल न करता चालतात.