दृश्य प्रकाश आणि त्वचेचा कर्करोग : एका विस्मृत उपचाराची हकिगत

प्रकाशाने व्याधी बऱ्या होतात ही समजूत फार जुनी आहे आणि तिच्या जुनेपणामुळेच तिचा इतिहास लिहिताना गफलत होते. दृश्य प्रकाशाने त्वचेच्या कर्करोगावर होणाऱ्या उपचाराविषयीचे लेख पुष्कळदा प्राचीन मिसर, अथर्ववेद आणि बावचीपासून सुरू होतात. कोडावर बावची वापरून रुग्णाला उन्हात बसवण्याची प्रथा आपल्याकडे होती, हे खरेच. पण तेथे काम करतात ते उन्हातील अतिनील, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे किरण; आणि हेतू असतो त्वचेचा रंग परत आणण्याचा, पेशी मारण्याचा नव्हे. ही वंशावळ आम्हांस सोयीची वाटते, खरी वाटत नाही.

खरी हकिगत म्युनिकमध्ये, १८९७-९८ च्या हिवाळ्यात सुरू होते. हेर्मान फोन टापायनर या औषधशास्त्राच्या प्राध्यापकाकडे ऑस्कर राब हा विद्यार्थी अ‍ॅक्रिडीन या रंजकद्रव्याचा पॅरामिशियमवर होणारा परिणाम तपासत होता. द्रावण तेच, जीव तेच. पण ते मरायला लागणारा वेळ एका दिवशी एक, दुसऱ्या दिवशी निराळाच. एका दिवशी वादळामुळे प्रयोगशाळेत अंधारून आले होते, असे सांगतात. हे वादळ आता प्रत्येक लेखात गडगडते आणि शोध म्हणजे योगायोग, असा समज पक्का करून जाते. आम्हांस राबचे मोठेपण वेगळ्या ठिकाणी दिसते. न जुळणारे दोन आकडे त्याने चूक म्हणून खोडले नाहीत. केवळ रंजकाने किंवा केवळ प्रकाशाने ते जीव तसे मरत नाहीत, दोन्ही एकत्र आले की मरतात, हे त्याने दाखवले आणि १९०० मध्ये प्रसिद्ध केले.

पुढे टापायनर आणि आल्बर्ट योडलबाउअर यांनी या क्रियेला प्राणवायूही लागतो हे सिद्ध केले आणि तिला ‘फोटोडायनॅमिक’ हे नाव दिले. छायाचित्रणाच्या काचा रंजकांनी प्रकाशसंवेदी करण्याची कृती तेव्हा परिचित होती. तिच्याशी घोटाळा होऊ नये म्हणून हा नवा शब्द. मराठीत त्याचे ‘प्रकाशगतिक’ करतात. पण या शब्दात ‘गती’ कोठून आली, असे कोणी विचारले तर उत्तर देणे अवघड. येथे काहीच धावत नाही. प्रकाश रंजकाला चेतवतो, रंजक प्राणवायूला चेतवते आणि तो चेतलेला प्राणवायू अत्यल्प क्षणात, जेथल्या तेथे पेशी जाळतो. असो.

१९०३ मध्ये टापायनर आणि त्वचारोगतज्ज्ञ आल्बर्ट येझिओनेक यांनी त्वचेच्या कर्करोगावर इओसीन लावून प्रकाश टाकण्यास सुरुवात केली. त्याच वर्षी कोपनहेगनच्या नील्स फिन्सेन यांना त्वचेच्या क्षयावरील प्रकाशोपचारासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांचे यश अतिनील किरणांचे, असे शतकभर मानले गेले. २००५ मध्ये डेन्मार्कमधीलच संशोधकांनी त्यांची जुनी उपकरणे तपासली, तेव्हा त्यांची भिंगे आखूड लहरींचे अतिनील किरण अडवत होती असे आढळले. क्षयाच्या जंतूंमध्ये पॉरफिरीन ही द्रव्ये मुळातच असतात. बहुधा त्यांनीच रंजकाचे काम केले असावे. म्हणजे राब ज्याचा नियम शोधत होता, तेच फिन्सेन नकळत करत होते.

मग ही विद्या मागे का पडली? आमच्या मते कारण सरळ आहे. क्ष-किरण १८९५ मध्ये आणि रेडियम १८९८ मध्ये हाती आले होते. ते शरीरात खोल जात आणि त्यांना रंजकाची गरज नव्हती. या मधल्या काळातली एक गोष्ट मात्र वगळता येत नाही. १९१२ मध्ये फ्रीडरिश मायर-बेट्स या डॉक्टरने २०० मिलिग्रॅम हिमॅटोपॉरफिरीन स्वतःच्याच शिरेत टोचून घेतले. अंधारात त्याला काही झाले नाही. उन्हात मात्र चेहरा आणि हात भयंकर सुजले आणि ही उन्हाची बाधा दोन महिन्यांहून अधिक टिकली. औषध शरीरात असेतो प्रकाशच वैरी होतो, हे त्याने आपल्या चेहऱ्यावर नोंदवून ठेवले.

हीच अडचण पुढेही राहिली. अमेरिकेत बफेलो येथे टॉमस डॉहर्टी या रसायनशास्त्रज्ञाने सत्तरच्या दशकात पॉरफिरीनपासून केलेले औषध टोचून आणि तांबडा प्रकाश टाकून उपचार सुरू केले. १९७८ च्या त्यांच्या अहवालात २५ रुग्णांच्या ११३ गाठींपैकी १११ गाठींवर पूर्ण किंवा अंशतः परिणाम दिसला. आकडे दिपवणारे खरे. पण त्या रुग्णांनी कित्येक आठवडे ऊन टाळून काढले, हे आकड्यांत दिसत नाही. १९९० मध्ये कॅनडातील जेम्स केनेडी आणि रॉय पॉटिए यांनी त्यावर तोड सुचवली : एक आम्ल केवळ त्वचेवर लावायचे, त्यापासून पेशी स्वतःच पॉरफिरीन बनवतात. मग बाधा राहते ती लेपापुरती आणि थोडा काळ.

प्रकाश त्वचेत काही मिलिमीटरच शिरतो, तांबडा थोडा अधिक, निळा कमी. म्हणून हा उपचार वरवरच्या, पातळ कर्करोगासाठी आणि कर्करोगपूर्व डागांसाठी आहे. मेलॅनोमासारख्या घातक रोगासाठी नव्हे. नुसत्या उन्हात बसणे हा तर उपचारच नव्हे, ऊन हे या रोगाचे एक मुख्य कारण आहे. फिन्सेनच्या कोपनहेगनमध्ये २००८ च्या सुमारास एक नवी रीत पुढे आली. कर्करोगपूर्व डागांवर लेप लावून रुग्णाला दिव्याखाली न ठेवता सुमारे दोन तास बाहेर मोकळ्या उजेडात बसवतात. त्याआधी त्याच्या त्वचेला अतिनील किरण अडवणारे, पण दृश्य प्रकाश आत येऊ देणारे मलम लावलेले असते.