साथ आणि महासाथ

ग्रीक भाषेत ‘डेमोस’ म्हणजे लोक. त्याला ‘एपि’ (वर) जोडून ‘एपिडेमिक’ आणि ‘पॅन’ (सर्व) जोडून ‘पॅन्डेमिक’ हे शब्द घडले. एखाद्या प्रदेशात रोगाचे रुग्ण नेहमीपेक्षा अचानक वाढले की ती साथ. ती अनेक देशांत, खंडांत फैलावली की महासाथ. भेद प्रसाराचा आहे, घातकतेचा नव्हे. १८९४मध्ये हाँगकाँगला भडकलेला प्लेग १८९६मध्ये मुंबईत आणि पुढे इतर खंडांतील बंदरांत पोचला. ती महासाथ होती. जागतिक आरोग्य संघटनेने ११ मार्च २०२० रोजी कोविड-१९ला महासाथ म्हटले. मराठीत रूढ असलेल्या ‘महामारी’च्या मुळाशी मात्र ‘मृ’ म्हणजे मरणे हा संस्कृत धातू आहे. ‘मरी’ आणि ‘मरीआई’ याच कुळातले शब्द.