मानाची पदे आणि कामाची पदे
संस्थांच्या पदाधिकाऱ्यांचा थोडा इतिहास

आपल्या मंडळाची वार्षिक सर्वसाधारण सभा आटोपली, म्हणजे स्मरणिकेच्या पहिल्या पानांवर नव्या कार्यकारिणीची नावे छापली जातात. अध्यक्ष, उपाध्यक्ष, चिटणीस, खजिनदार, हिशेब तपासनीस अशा क्रमाने ती येतात. वाचक आपल्या ओळखीची नावे शोधतो आणि पान उलटतो. ही पदे कोठून आली, ती निरनिराळी का ठेवली गेली आणि कोणी कोणते काम करावयाचे, ह्याचा विचार सहसा होत नाही. यंदा तो करणे आम्हांस अगत्याचे वाटले, कारण गेल्या सभेत खजिनदाराच्या पदासाठी एकही नाव पुढे आले नाही. अध्यक्षपदासाठी तीन नावे सुचविली गेली. चिटणिसाच्या पदासाठी एक, तेही बऱ्याच आग्रहानंतर. अखेर चिटणिसांनीच खजिन्याचेही काम पाहावे, अशी सूचना एका वडीलधाऱ्या सभासदांनी सद्भावनेने मांडली. ती तूर्त तहकूब ठेवण्यात आली आहे. त्या सूचनेवर मत देण्यापूर्वी सभासदांनी मागील इतिहास ध्यानी घ्यावा, एवढ्याच हेतूने हा लेख लिहीत आहोत.

प्रथम नावांकडे पाहू. चिटणीस हा शब्द आपल्याकडे राजदरबारातून आला. पत्रांचे मसुदे करणारा तो चिटणीस. शिवछत्रपतींचे चिटणीस बाळाजी आवजी ह्यांचे नाव सर्वांस परिचित आहे. इ. स. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या सुमारास फारसी पदनामांस संस्कृत पर्याय ठरविण्यात आले. मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनिसाचा सचिव, वाकनिसाचा मंत्री. नावे बदलली, तरी कामांची वाटणी कायम राहिली. जमाखर्च अमात्याकडे, पत्रव्यवहाराची तपासणी सचिवाकडे, रोजची टिपणे मंत्र्याकडे. आज आपण ज्यांस हिशेबवही, आवक-जावक वही आणि इतिवृत्ताची वही म्हणतो, त्या तीन वह्या त्या काळीही निरनिराळ्या हातांत होत्या.

किल्ल्यांची व्यवस्था तर ह्याहून बोलकी आहे. सभासदाच्या बखरीत, जी १६९७ च्या सुमारास लिहिली गेली, गडावर हवालदार, सबनीस आणि सरनोबत असे तीन समान दर्जाचे अधिकारी असत, असे वर्णन आहे. कोठारांचा हिशेब कारखानिसाकडे असे. किल्ल्या एकाकडे, दप्तर दुसऱ्याकडे, धान्याचा आणि सामानाचा हिशेब तिसऱ्याकडे. ह्यांतील कोणी अविश्वासू होता, म्हणून ही वाटणी केली होती काय? मुळीच नाही. एका माणसाच्या मोहाने, आजाराने वा मृत्यूने गड हातचा जाऊ नये, हा त्यामागील धोरणी विचार होता.

आपल्या ज्ञातींचा जुना कारभार मात्र ह्या पद्धतीचा नव्हता. पंच बसत, निवाडा होत असे, दंडाची रक्कम कोणातरी प्रतिष्ठिताच्या घरी ठेवली जात असे. मान बहुधा घराण्याकडे परंपरेने चालत आलेला असे. वतनाची कल्पना समाजाच्या हाडीमाशी भिनलेली होती. बापाचे पद मुलाकडे जाणे स्वाभाविक वाटे. पदाची मुदत असावी, ते निवडणुकीने मिळावे, मुदत संपताच दप्तर दुसऱ्याच्या स्वाधीन करावे, ही कल्पना एकोणिसाव्या शतकातील सभांनी आणली.

ह्या सभांचा आरंभ मुंबईत झाला. १८५२ च्या ऑगस्टमध्ये नाना शंकरशेट आदींच्या पुढाकाराने बॉम्बे असोसिएशन स्थापन झाली, डॉ. भाऊ दाजी लाड हे तिच्या चिटणिसांपैकी एक होते. त्यापूर्वी, १८४९ साली, परमहंस सभा निघाली होती. जातिभेद मोडावा, असे तिचे ध्येय. ज्ञातिसंस्थेच्या स्मरणिकेत तिचे नाव घेतल्याने कोणास विस्मय वाटेल. परंतु संस्था चालविण्याच्या दृष्टीने तिची हकीकत आपणही ध्यानी ठेवावी अशी आहे. सभा गुप्त होती. १८६० च्या सुमारास तिचे कागद आणि सभासदांची यादी चोरीस गेली. नावे बाहेर फुटणार, ह्या धास्तीने सभासद पांगले आणि सभा संपली. तिच्यातील कित्येक मंडळी पुढे १८६७ साली स्थापन झालेल्या प्रार्थना समाजात आली. हा समाज उघड होता. दप्तर जपणे हे कारकुनी काम आहे, अशी ज्यांची समजूत असेल, त्यांनी ही गोष्ट आठवावी.

पुण्याची सार्वजनिक सभा ह्या इतिहासातील मोठा टप्पा होय. पर्वती देवस्थानच्या कारभाराविषयी लोकांत असंतोष होता. त्यातून २ एप्रिल १८७० रोजी ही सभा जन्मास आली. म्हणजे एका सार्वजनिक निधीचा हिशेब कोणी द्यावा, हाच प्रश्न तिच्या मुळाशी होता. औंधचे पंतप्रतिनिधी तिचे अध्यक्ष झाले. चिटणिसाचे काम गणेश वासुदेव जोशी ह्यांनी अंगावर घेतले. लोक त्यांस ‘सार्वजनिक काका’ म्हणू लागले आणि तेच नाव कायमचे झाले. अध्यक्षपदाने सभेस मान मिळाला. परंतु पत्रे लिहिणे, माणसे गोळा करणे, दुष्काळी भागांतील माहिती मिळविणे, हे सारे चिटणिसांच्या आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या श्रमांवर चालले. १८७७ च्या दिल्ली दरबारास सभेच्या वतीने काका गेले, ते अंगावर खादीचे कपडे घालून.

ह्या सभेचा एक नियम विशेष मननीय आहे. प्रतिनिधी होऊ इच्छिणाऱ्याने निदान पन्नास लोकांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणावे लागे. आरंभीच्या ९५ प्रतिनिधींच्या मागे सुमारे ६,००० लोकांच्या सह्या होत्या. आपण कोणाच्या वतीने बोलतो, हे कागदावर दाखविल्याशिवाय पदावर बसता येत नसे. पुढे १८९५ साली सभेच्या व्यवस्थापक मंडळाच्या निवडणुकीत टिळकांच्या पक्षास बहुमत मिळाले आणि न्यायमूर्ती रानडे, गोखले आदी मंडळी बाहेर पडली. १८९६ साली त्यांनी डेक्कन सभा काढली. दोहोंपैकी कोणाची बाजू खरी, ह्या वादात आम्ही शिरत नाही. मंडळाच्या निवडणुका हा निव्वळ उपचार आहे, असे मानून घरी बसणाऱ्या सभासदांस एवढेच सांगावयाचे, की संस्थेची दिशा अशाच एखाद्या सभेत बदलत असते.

१८७३ च्या २४ सप्टेंबरला पुण्यातच सत्यशोधक समाज स्थापन झाला. जोतीराव फुले त्याचे पहिले अध्यक्ष, आणि खजिनदारही तेच. चिटणिसाचे पद मात्र नारायणराव गोविंदराव कडलक ह्यांच्याकडे होते. दोन पदे एकाच व्यक्तीने धारण करण्याचा हा थोर दाखला आमच्या प्रस्तुत प्रतिपादनाविरुद्ध जातो, हे आम्ही मान्य करतो. नव्या संस्थेत माणसे थोडी, विश्वासाची त्याहून थोडी. अशा वेळी संस्थापकाच्या खांद्यावर सर्व भार येतो. तथापि आपले मंडळ आता नवे राहिलेले नाही.

विसाव्या शतकात ही वाटणी अधिक स्पष्ट झाली. २० जुलै १९२४ रोजी मुंबईत बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. तिचे अध्यक्ष सर चिमणलाल सेटलवाड होते; कार्यकारी मंडळाचे अध्यक्षपद डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्वीकारले. सीताराम नामदेव शिवतरकर चिटणीस आणि निवृत्ती तुळशीदास जाधव खजिनदार झाले. मानाचे अध्यक्षपद वेगळे, कामाचे अध्यक्षपद वेगळे, लेखणी एकाकडे, थैली दुसऱ्याकडे. वर्ष उलटण्यापूर्वीच, १९२५ च्या जानेवारीत, ह्या सभेने सोलापूर येथे विद्यार्थ्यांचे वसतिगृह उघडले. पुण्याच्या सेवासदनात १९०९ पासून रमाबाई रानडे अध्यक्षा होत्या, हेही येथे नमूद करणे अगत्याचे आहे. कारण आमच्या स्वतःच्या मंडळाच्या पदाधिकाऱ्यांच्या जुन्या याद्यांत स्त्रियांची नावे शोधूनही सापडत नाहीत, आणि वसतिगृहाच्या भोजनाचा हिशेब मात्र वर्षानुवर्षे त्यांनीच ठेवलेला आढळतो.

कायद्याने ह्या पद्धतीस आकार दिला. १८६० च्या संस्था नोंदणी अधिनियमानुसार सात व्यक्ती एकत्र येऊन संस्था नोंदवू शकतात. वार्षिक सभेनंतर चौदा दिवसांच्या आत कार्यकारी मंडळाच्या सभासदांची नावे, पत्ते आणि व्यवसाय निबंधकाकडे कळवावयाचे असतात. ज्याची वर्गणी तीन महिन्यांहून अधिक थकली असेल, त्यास त्या कायद्याखालील कामकाजात मताचा अधिकार नाही. हे कलम वाचून आमच्यातील कित्येकांनी आपल्या पावत्या शोधाव्यात! १९५० साली मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम आला, जो आता महाराष्ट्राच्या नावाने ओळखला जातो. त्याखाली धर्मादाय आयुक्तांची देखरेख आली; हिशेब नीट ठेवण्याची आणि पदाधिकारी बदलल्यास नव्वद दिवसांच्या आत तो बदल कळविण्याची जबाबदारी आली. कार्यकारिणीत नाव असणे ही शोभेची गोष्ट राहिली नाही.

आता आमच्या घरची एक गोष्ट सांगतो. नाव सांगत नाही. जुन्या सभासदांच्या ते ध्यानी येईलच. आमच्या मंडळात एक सद्गृहस्थ अनेक वर्षे चिटणीसही होते आणि खजिनदारही. नोकरी सांभाळून रात्री ते मंडळाचे काम करीत. वर्गणीसाठी पायी हिंडत. टपालाची तिकिटे कित्येकदा पदरची लावीत. दुसरे कोणी पुढे येईना, म्हणून दोन्ही पदे त्यांच्याकडे राहिली. एके दिवशी अकस्मात त्यांचे निधन झाले. शिष्यवृत्तीचे हप्ते देण्याची वेळ जवळ आलेली, आणि निधीची पुस्तके कोठे आहेत, हे कोणासच ठाऊक नाही. बँकेत सही त्यांच्या एकट्याची. काही विद्यार्थ्यांची शुल्के वेळेवर भरली गेली नाहीत. मग कुजबूज सुरू झाली. लग्नकार्यांत त्यांच्या कुटुंबीयांशी लोक तुटक बोलू लागले. काही महिन्यांनी त्यांच्या पत्नीने माळ्यावरील पत्र्याची पेटी मंडळाच्या स्वाधीन केली. तीत प्रत्येक पावती तारीखवार बांधून ठेवलेली होती. हिशेब पैपर्यंत जुळला. उलट मंडळच त्यांचे काही देणे लागत होते. सभेने अभिनंदनाचा आणि दिलगिरीचा ठराव केला. परंतु त्या माउली पुन्हा कधी मंडळाच्या कार्यक्रमास आल्या नाहीत.

ह्या प्रसंगात दोष कोणाचा? त्या गृहस्थांचा नव्हे. पुढे न येणाऱ्या आम्हां सर्वांचा होता. पदे निरनिराळी असावीत, धनादेशावर दोन सह्या असाव्यात, हिशेब तिसऱ्याने तपासावा, हे नियम अप्रामाणिक माणसास अडविण्यासाठी असतात, असा सर्वसाधारण समज आहे. आमचा अनुभव वेगळा सांगतो. ते नियम प्रामाणिक माणसाच्या रक्षणासाठी असतात. ज्याच्या वहीवर दुसऱ्याची सही आहे, त्याच्या पश्चात त्याच्या पत्नीस माळ्यावरची पेटी शोधावी लागत नाही.

ह्या दृष्टीने पाहता, प्रत्येक पदाचे कर्तव्य थोडक्यात असे सांगता येईल. अध्यक्षांनी सभा चालवावी, सर्वांस बोलू द्यावे आणि स्वतः कमी बोलावे. उपाध्यक्षांनी केवळ अध्यक्षांच्या गैरहजेरीची वाट पाहू नये. एखादे काम आपलेसे करावे. चिटणिसांनी सभेची सूचना वेळेवर काढावी, इतिवृत्त लिहावे, दप्तर असे ठेवावे की उद्या परका मनुष्यही ते उघडून काम पुढे चालवील. खजिनदारांनी पावतीवाचून पैसा घेऊ नये आणि ठरावावाचून देऊ नये. हिशेब तपासनिसांनी स्नेह घरी ठेवून यावे. आणि सभासदांनी वर्गणी भरावी, सभेस यावे व अहवाल वाचून प्रश्न विचारावेत. प्रश्न विचारणे म्हणजे संशय घेणे नव्हे, ही गोष्ट विचारणाऱ्याने आणि उत्तर देणाऱ्याने सारखीच लक्षात ठेवली पाहिजे.

आज वर्गणी भ्रमणध्वनीवरून क्षणात जमा होते, हिशेब संगणकावर राहतो. खजिनदाराचे श्रम पूर्वीच्या मानाने पुष्कळच हलके झाले आहेत. तरीही पद रिकामे राहते, त्याअर्थी अडचण श्रमांची नसून जबाबदारी घेण्याच्या वृत्तीची आहे. मानाच्या खुर्चीसाठी तीन नावे येतात आणि कामाच्या खुर्चीसाठी एकही येत नाही, ही स्थिती कोणत्याही ज्ञातीस भूषणावह नाही.

तहकूब सूचना पुढील सभेत पुन्हा येईल. दोन्ही पदे एकाच व्यक्तीवर लादण्याचा प्रसंग आपण येऊ देऊ नये, अशी आमची सर्व ज्ञातिबंधूंस व भगिनींस कळकळीची विनंती आहे. एखाद्या तरुणाने वा तरुणीने दोन वर्षांसाठी ही जबाबदारी पत्करावी. जुनी मंडळी पाठीशी उभी राहतील, वही कशी लिहावी हे शेजारी बसून शिकवतील. सभेच्या दिवशी ते नाव पुढे आले, तर ह्या स्मरणिकेचा खर्च सार्थकी लागला, असे आम्ही समजू.